ऑपरेशनच्या आधी विचारायचं
(निवेदन)

[दृश्य: टेबलावर स्तनाच्या जागी बसवायचं सिलिकॉनचं इम्प्लांट, एका बाईचा हात ते उचलतो]

हातात घेऊन बघा, असं डॉक्टर म्हणाल्या तरी तिने ते उचलायला वेळ घेतला. कोथरूडला राहते, शाळेत गणित शिकवते. स्तनाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट आलाय, ऑपरेशनची तारीख ठरायचीय. हीच वेळ आम्हाला टिपायची होती. एरवी घरात बोलणं होतं ते गाठीचं, किमोचं, पैशांचं. स्तन काढल्यावर तिथे काय असेल, हे बाई विचारत नाही आणि तिला कुणी आपणहून सांगतही नाही.

"ताई, मिश्री लावता?"
"मी नाही, सासूबाई लावतात."

प्रश्न साधा वाटतो, पण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑपरेशनमध्ये लावलेली त्वचा न जगण्याचा धोका वाढतो. मिश्री, सिगारेट ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच बंद करावी लागते.

[दृश्य: कागदावर पेनने काढलेली आकृती]

पूर्ण स्तन काढायलाच हवा का, हे आधी बघायचं. गाठ लहान असेल तर तेवढी काढून शेक, म्हणजे रेडिएशन, देता येतो. आयुष्यमान त्यानेही तेवढंच राहतं. अमेरिका आणि इटलीतल्या 20 वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष 2002 साली आले, त्यांत हे स्पष्ट झालं. हिच्या गाठी मात्र दोन-तीन ठिकाणी पसरल्यात. हिचा स्तन काढावाच लागणार.

मग पुनर्रचना, म्हणजे स्तन पुन्हा घडवणं. एक रस्ता इम्प्लांटचा: ऑपरेशन त्या मानाने लहान, पण इम्प्लांट जन्मभर पुरेलच असं नाही, आणि नंतर शेक बसला तर त्याभोवतीचा पापुद्रा आवळून कडक होऊ शकतो. दुसरा रस्ता स्वतःच्याच शरीरातल्या मांसाचा.

[दृश्य: जुनं रेखाचित्र, कपाळावर खूण, नवं नाक असलेला माणूस]

या दुसऱ्या रस्त्याचा एक धागा पुण्यातच सापडतो. हा कावसजी, इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा. 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याने याला पकडलं आणि याचं नाक कापलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते पुन्हा घडवलं. मेणाचं नाक करून कपाळावर दाबलं, त्याचा आकार आखून घेतला, तेवढी कातडी सोडवली. फक्त दोन भुवयांच्या मधली पट्टी जोडलेली ठेवली. त्या पट्टीतून रक्त वाहत राहिलं म्हणून कातडी जगली. लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि युरोपातले सर्जन ही रीत शिकू लागले.

[दृश्य: पाठीवर मार्करच्या निळ्या रेषा]

पाठीचा फ्लॅप, म्हणजे तिथून सोडवून आणलेला तुकडा, याच तत्त्वावर चालतो. पाठीतला स्नायू आणि कातडी रक्तवाहिनी न तोडता काखेखालून पुढे छातीवर आणतात.

[दृश्य: मायक्रोस्कोपखाली धागा]

पोटाच्या फ्लॅपला रक्तवाहिनी तोडावीच लागते. बेंबीखालची त्वचा आणि चरबी पूर्ण सोडवून छातीवर ठेवायची आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची वाहिनी छातीतल्या वाहिनीला जोडायची. हा धागा पडद्यावर दिसतोय तो भिंगामुळे. प्रत्यक्षात केसाहून बारीक आहे. सहा-आठ तास असेच जातात. पहिल्या रात्री नर्स वारंवार डॉपलर नावाचं यंत्र लावून वाहत्या रक्ताचा आवाज ऐकते. ऐका.

[दहा सेकंद फक्त डॉपलरचा आवाज]

जोडलेली वाहिनी बंद पडली तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, क्वचित फ्लॅप गमवावाही लागतो. पूर्वीसारखी संवेदना सहसा परत येत नाही.

[दृश्य: शिलाई मशीन, मऊ सुती कापड, वाटीत राळं]

काहीच करून न घेणं हाही पूर्ण पर्याय आहे. या काकूंनी तोच घेतला. ब्रेसियरच्या आत बसेल अशी पिशवी त्या स्वतः शिवतात. आत कापूस आणि वजनाला धान्य. वजन का, ते खांद्याकडे बघितलं की कळतं. एक बाजू हलकी राहिली की ब्रेसियर वर सरकते, खांदा कलतो. धान्य काढून पिशवी धुता यावी म्हणून मागे बटण.

[दृश्य: विम्याची कागदपत्रं]

"सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही" असं ऐकून पुष्कळ जणी गप्प बसतात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये ही मनाई कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला लागू नाही. तो परिच्छेद वाचा आणि मंजुरीचं पत्र ऑपरेशनच्या आधी मागा.

[दृश्य: शाळेचा वर्ग, फळ्यावर बीजगणित]

तिला शेक घ्यावा लागणार आहे, म्हणून इम्प्लांट तिने नको म्हटलं. आता फक्त स्तन काढायचा आणि टाके सपाट, नीटनेटके घालायचे, असं स्तन काढणारे आणि पुनर्रचना करणारे अशा दोन्ही सर्जनसमोर ठरलं. पोटाचा फ्लॅप शेक संपून त्वचा सावरल्यावरही करता येतो. करायचा की नाही, हे ती तेव्हा ठरवेल.