‘अटक दाखवली’
(पुण्यात वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते आणि कायद्याचे विद्यार्थी यांच्यासमोर एका वकीलबाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिवाजीनगर कोर्टात मी ३१ वर्षं वकिली केली, बहुतेक सगळी फौजदारी. तिथं रोज कानावर पडणारा एक शब्दप्रयोग आहे. ‘आरोपीला काल रात्री अकरा चाळीसला अटक दाखवली.’ अटक केली असं नाही, दाखवली. पोलीस तसं बोलतात, आम्ही वकील बोलतो, बातमीदार तसंच लिहितात. पण अटक करणं आणि अटक दाखवणं या दोन क्रियांच्या मधे काही तास असतात, कधी दोन-दोन दिवस असतात. तेवढ्या वेळात तो माणूस घरात नसतो आणि ठाण्याच्या कुठल्याही कागदावरही नसतो. मार पडतो तो बहुधा याच वेळात. आज मला मुख्यतः या वेळेबद्दलच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एक मावशी माझ्याकडे आल्या. ओळख पटेल असे तपशील मी सांगणार नाही. मुलगा विशीतला, गाड्या धुवायचा. चोरीच्या संशयावरून साध्या कपड्यातल्या चौघांनी त्याला पहाटे घरातून नेलं. दुसऱ्या दिवशी रात्री अटक दाखवली. तिसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ तो ‘नाही’ म्हणाला. ज्यांच्याबद्दल विचारलं जात होतं ते त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे होते, आणि तिथून त्याला त्यांच्याचबरोबर परत जायचं होतं. कोर्टाच्या रोजनाम्यात नोंद झाली : मारहाणीची तक्रार नाही. पाचव्या दिवशी तो रुग्णालयात मरण पावला. कारण लिहिलं होतं, मूत्रपिंडं निकामी.

मी मावशींना विचारलं, नेलं तेव्हा किती वाजले होते? त्या म्हणाल्या, ‘वकीलबाई, घड्याळ कुठलं? नळाला पाणी आलं होतं. माझी दुसरी घागर भरत होती.’

नळाचं पाणी आमच्या कामी आलं. त्या वस्तीला पाणी कधी सुटतं याचं वेळापत्रक आम्ही महापालिकेकडून लेखी मागवलं. शेजारच्या तीन बायकांनी सांगितलं, हो, आम्ही रांगेतच होतो. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ती वेळ नोंदली गेली. पहाटे साडेचारला नेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी रात्री अकरा चाळीसपर्यंत कुठे होता, हा प्रश्न त्यामुळे पहिल्यांदा कागदावर आला. खटला अजून उभा आहे, म्हणून त्याबद्दल याहून जास्त बोलत नाही.

आता कायदा काय म्हणतो? संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं. पण हे २४ तास मोजायचे कुठून? मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्येच स्पष्ट केलं होतं की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकारी कागदावर कोणती वेळ लिहितो याला महत्त्व नाही. निकाल इतका जुना आहे, तरी रिमांडच्या वेळी, म्हणजे पोलीस कोठडी मागायला आरोपीला कोर्टात उभं करतात तेव्हा, ‘तुला घरातून कधी नेलं?’ असा प्रश्न मी फार थोड्या वेळा ऐकला. विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही रिमांडला उभे राहाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.

डी. के. बसू यांचं नाव तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचे ते पदाधिकारी. १९८६ साली त्यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. त्यातली अटकेच्या पंचनाम्याची अट मला सगळ्यात मोलाची वाटते : अटक जागेवरच नोंदवायची, तारीख आणि वेळ घालायची, घरचा माणूस किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून सही करणार आणि अटक झालेला स्वतःही सही करणार. शिवाय दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. यातलं बरंचसं पुढे कायद्यातच आलं. प्रत्यक्षात ती सही ठाण्यात, रात्री, नेहमीच्या पंचाची होते.

अटक करताना बळ किती वापरायचं, यावर कायद्याची भाषा अगदी स्वच्छ आहे. माणूस विरोध करत असेल तर आवश्यक ते सर्व उपाय करता येतात. पळून जाऊ नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त जखडता येत नाही. आणि ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार अटकेच्या तरतुदीतून मिळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६ होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३ आहे. काही जण हे वाक्य उलटं वाचतात, की मोठ्या गुन्ह्याच्या आरोपीला मारायची मुभा आहे. तशी मुभा नाही. ‘आवश्यक’ हा शब्द तिथंही लागू आहेच, आणि आवश्यकता होती हे बळ वापरणाऱ्यानं दाखवायचं असतं.

थोडं वैद्यकीय बोलते, कारण इथंच घरच्यांची फसगत होते. पायाच्या तळव्यांवर, मांड्यांवर, ढुंगणावर पट्ट्यानं मारलं की हाड मोडेलच असं नाही, कातडी फाटेलच असंही नाही. पण आतला स्नायू चेचला जातो. त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबवतात. लघवी काळपट होते, मग कमी होते, आणि माणूस दोन-चार दिवसांनी जातो. तोवर वळ फिकट झालेले असतात. प्रमाणपत्रावरचं ‘मूत्रपिंडं निकामी’ खोटं नसतं, पण ती कशानं निकामी झाली हे त्यात येत नाही. दुसरा प्रकार धरपकडीतला. माणसाला पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवला तर छाती फुलायला जागा राहत नाही. २०२० साली अमेरिकेत पोलिसानं मानेवर गुडघा रोवल्यानं जॉर्ज फ्लॉइड यांचा असाच झालेला मृत्यू जगानं पाहिला, तो रस्त्यावरच्या लोकांनी चित्रण केलं म्हणून. तिथल्या पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता.

कोठडीत मृत्यू झाला की २००५ च्या दुरुस्तीनुसार चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानंच करायची. आता ते नव्या संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवायचं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो, त्याचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे यंत्रणा आहे. पण दंडाधिकाऱ्यानं अहवाल दिल्यानंतर पुढे काय, हे कायद्यात नीट लिहिलेलंच नाही. ही पोकळी २०२४ मधल्या महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांनी उघडी केली.

बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याच्यावरचा आरोप लहान मुलींवरच्या अत्याचाराचा होता. त्या दिवशी मिठाई वाटली गेली. मी स्वतः आई आहे, त्या मुलींच्या आईबापांचा संताप मला समजतो. पण त्यांना न्यायालयात मिळायचा निकाल त्या गोळीनं कायमचा बंद केला, हेही मला दिसतं. उच्च न्यायालयानं सुनावणीत विचारलं, गाडीतल्या पोलिसांना एक माणूस आवरता कसा आला नाही, आणि गोळी डोक्यातच का? दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदवून विशेष पथकानं तपास करावा, हे सांगायला एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयालाच आदेश द्यावा लागला.

परभणीचं तसंच. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जी धरपकड झाली, तिच्यात पकडलेला वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्यानं न्यायाधीशांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं सरकारतर्फे विधानसभेत सांगण्यात आलं. ते ऐकलं आणि मला माझ्या मावशींचा मुलगा आठवला. प्राथमिक शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडून आला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं त्याला नकार मिळाला.

आकडे मी एकदाच सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू झाले. गुन्हे नोंदले ८९३. आरोपपत्र ३५८ पोलिसांवर. शिक्षा २६ जणांना. नागपुरात १९९३ साली घरातून उचललेला एक माणूस ठाण्यातल्या मारहाणीनंतर मेला, त्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २०१८ मध्ये. न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा सात केली. तोवर पंचवीस वर्षं गेली होती.

पोलिसांची बाजू मला ठाऊक आहे, अनेक शिपायांचे खटले मी स्वतः लढले. बारा-बारा तास ड्युटी, वरून ‘छडा लावा’चा तगादा, हाताशी तपासाची साधनं तोकडी. मग कबुली हाच तपास होतो. पोलिसापुढची कबुली पुराव्यात चालत नाही, तरी मुद्देमाल मिळवायला ती काढली जाते. आणि साहेबांच्या तोंडी हुकमावर हात उचलणारा शिपाई उद्या पिंजऱ्यात एकटा असतो.

हात पडतो कोणावर, हेही उघड बोलू. अख्ख्या जमातींवर गुन्हेगाराचा शिक्का मारणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे पुणे जिल्ह्यात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. एखाद्या सोसायटीतल्या मुलाला चौकशीला बोलावतात तेव्हा वडील आणि वकील बरोबर जातात. पालावरून नेताना कोण जातं?

म्हणून कार्यकर्त्यांशी थोडं कामाचं. पूर्वी आम्ही लोकांना सांगायचो, माणूस नेला की लगेच कलेक्टरला आणि कोर्टाला तार करा. तारेवर वेळेचा शिक्का असायचा, तो कोणाला बदलता येत नसे. २०१३ मध्ये तार बंद झाली. आता ११२ ला फोन करा, त्या फोनची नोंद राहते. ठाणेदाराला, वरिष्ठांना, वकिलाला व्हॉट्सॲप पाठवा : कोणाला नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर काय. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे, वकील फुकट मिळतो. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण शक्यतो १८ महिने आणि किमान एक वर्ष ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.

मावशींच्या वस्तीत पोरांनी नळाशेजारच्या भिंतीवर हे दोन्ही नंबर रंगवलेत. खाली लिहिलंय, ‘नेलं की वेळ लिहा.’