काळा रुमाल, पांढरा रुमाल

श्रोतेहो, नमस्कार. परग्रहावरून स्वारी आली की ती दुसऱ्या प्रकरणात येऊन थडकते, असा आपला अनुभव. पण लिउ त्सशिन या चिनी लेखकाच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’मध्ये ती यायला साडेचारशे वर्षं लागणार आहेत! हे गृहस्थ शान्शी प्रांतातल्या वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होते. कादंबरी २००६ साली मासिकातून क्रमशः आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. चिनी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून लोक कुरकुरतात. रशियन कादंबऱ्यांतली गजभर नावं मात्र मुकाट वाचतात. असो.

मला सांगायचाय तो सैनिकांचा प्रसंग. कादंबरीत एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यातल्या ग्रहाला तीन सूर्य. कुठला कधी उगवेल, किती भाजेल, पत्ता नाही. ते गणित घेऊन न्यूटन आणि कॉम्प्युटरची रचना मांडणारा गणिती फॉन नॉयमन जातात थेट चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्याकडे. मागतात काय, तर तीन कोटी सैनिक! प्रत्येकाकडे दोन निशाणं, काळं आणि पांढरं. तिघातिघांचा गट. दोघांनी काळं वर केलं, तरच तिसऱ्याने काळं. एरवी पांढरं. झाला कॉम्प्युटर सुरू.

मे महिन्यात भाचरं आली होती, तेव्हा माजघरात करून पाहिलं. पांढऱ्याला माझे रुमाल, काळ्याला जुन्या छत्रीचं कापड. थोरली दोघं चोख. धाकटा तिसरा. तो ताईकडे बघायचा आणि ताईचं काळं दिसलं की लगेच काळं फडकवायचा. म्हटलं, अरे, दोघांचं काळं, तरच काळं. दोघांचं! चौथ्या खेपेला जमलं, आम्ही सगळे ओरडलो आणि तिकडे आमटी उतू गेली.

कादंबरीत तीन कोटींचं ते यंत्र चालतं. मग तिन्ही सूर्य एका रेषेत येतात आणि सगळं सैन्य निशाणांसकट आकाशात ओढलं जातं.

वेळ संपत आली, स्वारीचं राहिलंच. ये वेनजिए ही त्यातली शास्त्रज्ञ. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, तिच्या डोळ्यांदेखत वडिलांना मारून टाकलेलं. पुढे डोंगरावरच्या लष्करी अँटेनापाशी ती काम करते. एके दिवशी ताऱ्यांकडून निरोप येतो. उत्तर देऊ नका. उत्तर देऊ नका. उत्तर देऊ नका.

ती उत्तर देते. या, म्हणते.