झाकण मिटलं आणि कोडं सुटलं

नमस्कार श्रोतेहो.

शाळेतली कंपासपेटी आठवा. पत्र्याची, बिजागरीची, झाकण टक्कन मिटणारी. आता अशी कल्पना करा की त्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटा पडदा आहे आणि खालच्या भागात दुसरा. खालच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीनं लिहिता येतं. शिवाय एक बारीकसं भोक आहे आणि त्यामागे मायक्रोफोन. निन्टेंडो या जपानी कंपनीनं २००४ सालच्या अखेरीस आणलेलं डीएस नावाचं खेळाचं यंत्र हे असं होतं. जगभरात ते पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं.

त्यावरचा एक खेळ मी खेळत होतो. एका बेटावरचं ओसाड घर, आणि त्यात एक कोडं. खालच्या पडद्यावर शाई लावलेला शिक्का, वरच्या पडद्यावर कोरा कागद. शिक्का उमटवायचा, पण कसा? मी काडीनं टोचून पाहिलं, ओढून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. अर्धा तास गेला. जेवायची हाक आली तशी पेटी मिटली आणि उठलो. जेवून येऊन उघडतो तर कागदावर शिक्का उमटलेला! पेटी मिटताना खालचा पडदा वरच्या पडद्याला टेकला, आणि नेमकं तेच तर करायचं होतं.

हे ज्यांना सुचलं त्या माणसांविषयी मला आज बोलायचं आहे. त्यांच्या कंपनीचं नाव सिंग. ऐकून उत्तर भारतातलं आडनाव वाटेल, पण ही कंपनी जपानमधल्या फुकुओका शहरातली. फुकुओका क्यूशू बेटावर आहे, टोकियोपासून इतकं लांब की त्यापेक्षा कोरियातलं बुसान जवळ पडतं. तिथे रिव्हरहिल सॉफ्ट नावाची एक जुनी कंपनी होती. ऐंशीच्या दशकात, संगणकावर धड चित्रंही दिसत नव्हती तेव्हा, ती गुप्तहेरकथांचे खेळ काढायची. खून झालेला असायचा, आणि खेळणाऱ्यानं एकेकाला गाठून प्रश्न विचारत धागा जुळवायचा. त्या कथा लिहिणाऱ्यांपैकी एक होत्या रिका सुझुकी. पुढे रिव्हरहिल सॉफ्टमधून माणसं बाहेर पडली. काहींनी लेव्हल-फाइव्ह ही कंपनी काढली, ती पुढे खूप मोठी झाली. सुझुकी आणि ताकुया मियागावा यांनी १९९९ साली सिंग सुरू केली.

सुरुवातीचा एक खेळ २००३ साली कॅपकॉम या खेळांच्या मोठ्या कंपनीनं प्रकाशित केला. त्याची फारशी चर्चा झाली नाही. खरा सूर लागला तो २००५ साली, मघाशी सांगितलेल्या खेळात. त्याचं नाव 'अनदर कोड'. ॲशली नावाची मुलगी, दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांची होणार. ज्याला ती मेलेला समजत होती त्या वडिलांचं पत्र येतं, म्हणून ती बेटावर जाते. तिथे तिला एका मुलाचं भूत भेटतं, ज्याला स्वतःविषयी काहीच आठवत नाही. घरातल्या वस्तूंवरची धूळ तुम्ही खरोखर फुंकर मारून उडवायची. एका ठिकाणी तर पेटी अर्धवट मिटून धरायची, म्हणजे एका पडद्याचं प्रतिबिंब दुसऱ्यावर पडतं आणि दोन चित्रांचं एक होतं. इतर कंपन्या त्या यंत्राकडे दोन पडदे म्हणून पाहत होत्या. सिंगच्या माणसांनी बिजागरीसुद्धा पाहिली.

मला सगळ्यात प्रिय आहे तो त्यांचा २००७ सालचा खेळ, 'हॉटेल डस्क'. तो खेळताना पेटी आडवी नाही, उभी धरायची, पुस्तकासारखी. एका पानावर माणूस, दुसऱ्यावर खोली. साल १९७९, डिसेंबर संपत आलेला. काइल हाइड नावाचा पूर्वीचा पोलीस, आता घरोघर माल विकणारा, वाळवंटातल्या एका जुनाट हॉटेलात उतरतो. सगळी गोष्ट त्या एका रात्रीची. कोणाचा पाठलाग नाही, गोळीबार नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलायचं, कुठला प्रश्न आत्ता विचारावा आणि कुठला राखून ठेवावा हे ठरवायचं. चुकीचं बोललात तर समोरचा दुखावतो, आणि कधी हॉटेलमधून तुमची हकालपट्टी होते. आठवणीसाठी एक वही दिली आहे, तीत आपल्या हातानं लिहायचं. माझ्या वहीत आडवंतिडवं मराठी भरलेलं होतं.

आणि ती चित्रं! खऱ्या नटांचं चित्रीकरण करून, त्यावरून रेघा ओढून पात्रं हलती केली होती. दिग्दर्शक ताइसुके कानासाकी स्वतः चित्रकार. पात्रं पेन्सिलीच्या रेघांची, आणि त्या रेघा सतत किंचित थरथरत असतात. माणूस नुसता गप्प उभा असला तरी तो विचार करतोय हे कळतं. रहस्यकथेत याला फार किंमत आहे, कारण तिथे बोलण्याइतकंच गप्प राहणं महत्त्वाचं असतं.

अशा कंपनीचा संसार कसा चालतो तेही सांगायला हवं. खेळ बनवायचा सिंगनं, बाजारात आणायचा मोठ्या प्रकाशकानं. एक काम संपलं की दुसरं मिळेपर्यंत पगार चालू ठेवायचे. आणि पात्रांवरचा, नावांवरचा हक्क? ॲशलीच्या आणि काइलच्या बाबतीत तो निन्टेंडोकडे होता. बनवणाऱ्याच्या गाठीशी फक्त हातातलं कसब राहतं.

१४ जानेवारी २०१० ला जपानात 'लास्ट विंडो' आला, काइल हाइडची दुसरी गोष्ट. साल १९८०, काइल राहतो ती केप वेस्ट नावाची इमारत पाडायची ठरली आहे. सगळ्या भाडेकरूंना महिनाअखेर जागा सोडायची नोटीस. खेळाच्या आत एक कादंबरीही आहे. तुम्ही जसजसे खेळाल तसतसं तिचं एकेक प्रकरण उघडतं, आणि तुम्ही काय केलं त्याप्रमाणे मजकूर बदलतो. हा खेळ बाजारात आला आणि दीड महिन्यात, १ मार्चला, सिंगनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारे २५ कोटी ६० लाख येन होतं. सप्टेंबरमध्ये लास्ट विंडोची इंग्रजी आवृत्ती युरोपात निघाली. अमेरिकेत ती कधीच निघाली नाही. युरोपातल्या लोकांनी तो खेळ उघडला तेव्हा तो बनवणारी कंपनी उरली नव्हती. हे मला आजही लागतं.

२०२४ च्या जानेवारीत निन्टेंडोनं ॲशलीच्या दोन्ही गोष्टी, म्हणजे 'अनदर कोड' आणि त्याचा पुढचा भाग, स्विच या नंतरच्या यंत्रासाठी पुन्हा घडवून आणल्या. सिंगच्या काही जुन्या माणसांचा त्यात हात होता, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण स्विच म्हणजे सपाट पाटी. तिला बिजागरी नाही, झाकण नाही. मिटून सोडवायची कोडी तीत राहू शकली नाहीत, त्यांच्या जागी दुसरी आली. आणि हॉटेल डस्क अजून नव्यानं निघालेलाच नाही.

म्हणून तुमच्यापैकी कोणाला हे खेळ खेळावेसे वाटले, तर जुनं डीएस शोधा. घेण्याआधी चार वेळा उघडून मिटून पाहा. त्यातल्या 'लाइट' नावाच्या मॉडेलची उजवीकडची बिजागरी तडकते. ती धड असलेलीच पेटी घ्या.

नमस्कार.