चार तासांचे पाच डॉलर

[पडद्यावर : २०१४ सालच्या प्लेस्टेशन नाऊचा मेनू. एक गेम, त्याखाली भाड्याचे चार पर्याय.]

२०१४ चा उन्हाळा. अमेरिकेत सोनीच्या एका नव्या सेवेची चाचणी चालू आहे. नाव प्लेस्टेशन नाऊ. डिस्क लागत नाही, डाउनलोड लागत नाही. गेम चालतो सोनीच्या डेटा सेंटरमध्ये आणि दिसतो आपल्या टीव्हीवर. गेम निवडला की भाडं विचारतात. चार तास, सात दिवस, तीस दिवस की नव्वद दिवस? 'फायनल फँटसी १३-२' चे चार तास ४.९९ डॉलरला. नव्वद दिवस हवे असतील तर २९.९९.

हा गेम प्लेस्टेशन ३ या सोनीच्या जुन्या गेम-यंत्रावरचा, दोन-अडीच वर्षं जुना. संपवायला कित्येक दिवसांच्या बैठका लागतात. चार तासांत कथा जेमतेम सुरू होते. नव्वद दिवसांच्या भाड्यापेक्षा कमी पैशांत वापरलेली डिस्क दुकानात मिळत होती, आणि ती कायमची आपली, वर खेळून झाल्यावर विकताही येणारी. गेमर मंडळींनी या दरपत्रकाची यथेच्छ टर उडवली. उडवायलाच हवी होती. पण सोनीतली माणसं काही खुळी नव्हती. तो आकडा कुठून आला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

[दृश्य : ऐंशीच्या दशकातलं अमेरिकेतलं व्हिडिओचं दुकान. कॅसेटच्या रांगांशेजारी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीची काडतुसं, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या.]

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सिनेमाच्या कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांनी व्हिडिओ गेमही ठेवायला सुरुवात केली. शुक्रवारी न्यायचा, रविवारी परत. दुकानदाराचा हिशेब सोपा होता. काडतूस एकदाच विकत घ्यायचं. पंधरा-वीस गिऱ्हाइकांत त्याची किंमत वसूल झाली की पुढचं सगळं भाडं गल्ल्यात. गेम बनवणाऱ्याला मात्र त्या एका विक्रीपलीकडे छदाम मिळायचा नाही.

निन्टेन्डोला हे खटकत होतं. १९८९ मध्ये कंपनीने ब्लॉकबस्टर या सर्वांत मोठ्या साखळीला कोर्टात खेचलं, पण मुद्दा काय, तर दुकानं गेमसोबतच्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स वाटतात! भाड्याने देण्यावर थेट बोट ठेवता येत नव्हतं, कारण अमेरिकी कायद्यानुसार विकत घेतलेली प्रत भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकी संसदेने संगणकाचं सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली. त्या कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली होती: फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रांवरचे गेम या बंदीतून वगळले. जपानमध्ये नेमकं उलट. तिथे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेम भाड्याने देता येत नाहीत. म्हणून गेम भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत फोफावला आणि निन्टेन्डोच्या मायदेशात रुजलाच नाही.

कायद्याने जमलं नाही ते गेम बनवणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने करून पाहिलं. १९९४ चा 'द लायन किंग' आठवतो? दुसऱ्याच टप्प्यात माकडं त्या छाव्याला इकडून तिकडे फेकतात आणि अख्खी पिढी तिथेच अडकून बसते. तो गेम बनवणाऱ्या वेस्टवूड स्टुडिओचे लुई कॅसल यांनी पुढे सांगितलं, की गेम अवघड करा हा आग्रह डिस्नीचा होता. भाड्याच्या दोन-तीन दिवसांत पोराने बराचसा गेम उरकला, तर तो विकत कोण घेणार? भाड्याची मुदत अशी थेट गेमच्या आत शिरली.

आपल्याकडे तेव्हा मामला निराळा. घरात निन्टेन्डो असणारे विरळा. होती ती तैवान-चीनकडची नक्कल, आणि काडतुसाला आपण कॅसेटच म्हणायचो. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये अर्ध्या तासाचे, तासाचे पैसे मोजायचे. किंवा जुनी कॅसेट द्यायची, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरी घेऊन यायची. अमेरिकेत दर रात्रीचा होता, इथे तासाचा. कारण उघड आहे: तिथे भाड्याने जायचं ते काडतूस, इथे यंत्र, टीव्ही, वीज आणि बसायला स्टूल, सगळंच.

हा फरक लक्षात असू द्या. पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

[दृश्य : सर्व्हरच्या रांगा, लुकलुकणारे दिवे.]

१७ जून २०१०. ऑनलाइव्ह ही सेवा अमेरिकेत सुरू झाली. स्टीव्ह पर्लमन या उद्योजकाची ही कल्पना: भारी संगणक आमच्याकडे, तुमच्याकडे फक्त इंटरनेट. तंत्र खरोखर चाललं. दर काय लावायचा, हे मात्र कंपनीला शेवटपर्यंत उमगलं नाही. आधी जाहीर केलं, महिन्याला १४.९५ डॉलर, आणि वर प्रत्येक गेमचे पैसे वेगळे. म्हणजे दुकानात शिरायचीच फी! सुरुवात करताना पहिलं वर्ष फुकट केलं. ऑक्टोबर येईतो मासिक फी काढूनच टाकली. मग तीन दिवसांचं भाडं, पाच दिवसांचं भाडं, पूर्ण पैसे भरून 'विकत', आणि त्यानंतर ९.९९ डॉलरमध्ये महिनाभर हवे तितके गेम.

यातल्या 'विकत'कडे जरा नीट पाहा. पूर्ण किंमत मोजूनही गेम ऑनलाइव्हच्याच यंत्रावर राहायचा. कंपनी बसली की गेमही गेला. आणि कंपनी बसलीच. ऑगस्ट २०१२ मध्ये सगळे कर्मचारी एका दिवसात बाहेर. मालमत्ता गेली अवघ्या ४८ लाख डॉलरला. उभे केलेले सर्व्हर हजारोंच्या संख्येने, आणि एका वेळचे खेळाडू फार तर दोन हजारांच्या आत, अशा बातम्या तेव्हा आल्या. नव्या मालकाने नाव पुढे चालवलं, पण एप्रिल २०१५ च्या अखेरीस तेही थांबलं. पेटंट सोनीने घेतली.

सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, गायकाय ही प्रतिस्पर्धी कंपनी ३८ कोटी डॉलर देऊन विकत घेतली होती. प्लेस्टेशन नाऊ उभं राहिलं ते याच कंपनीच्या तंत्रावर. आता परत त्या चार तासांकडे येऊ.

प्लेस्टेशन ३ च्या आतली मुख्य चिप, सेल प्रोसेसर, हा एक विक्षिप्त प्राणी. त्याचे गेम प्लेस्टेशन ४ वर चालत नाहीत, साध्या सर्व्हरवरही नाहीत. मग सोनीने खास बोर्ड बनवून घेतले: एका बोर्डावर आठ प्लेस्टेशन ३ चा ऐवज, आणि असे बोर्ड रॅकमध्ये रचलेले. तुम्ही घरी 'फायनल फँटसी' खेळत बसलात, की तिथे त्यांतला एक प्लेस्टेशन तुमच्यासाठी अडकला. दुसऱ्या कुणाला तो देता येत नाही. वीज चालू, पंखे चालू. आणि तुम्ही उठेपर्यंत त्यातून दुसरी कमाई नाही.

म्हणजे हे ब्लॉकबस्टर नव्हतंच. हे गल्लीतलं पार्लर होतं. सोनीने तासाचा दर लावला तो त्यामुळे बरोबरच म्हणायला हवा. चूक झाली ती वेगळीच: गेमचा दर ठरवायचा अधिकार प्रकाशकांच्या हाती ठेवला, आणि प्रकाशकांच्या डोक्यात अजून डिस्कचाच भाव होता. यंत्राचं भाडं आणि डिस्कची किंमत, दोन्ही एकाच बिलात चढलं. सव्वा डॉलर तास!

जानेवारी २०१५ मध्ये सोनीने मासिक वर्गणी आणली, १९.९९ डॉलर, शंभरहून जास्त गेम. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती निम्मी करून ९.९९ वर आणली. दोन महिन्यांच्या आतच गुगलची स्टेडिया ही तशीच सेवा येणार होती. हा योगायोग नसावा.

स्टेडियाबद्दल फार वेळ घालवत नाही. ऑनलाइव्हच्या 'विकत'चीच ती पुनरावृत्ती: गेमची पूर्ण किंमत भरा आणि तो आमच्याकडे ठेवा. १९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू, १८ जानेवारी २०२३ ला बंद. एक गोष्ट गुगलच्या पदरात टाकायला हवी. गेमचे आणि गुगलच्याच दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे पैसे त्यांनी परत केले. दरमहा भरलेली वर्गणी तेवढी परत मिळाली नाही.

[पडद्यावर : एक्सबॉक्स गेम पासचे दर, वर्षानुसार.]

मायक्रोसॉफ्टचा गेम पास, म्हणजे मासिक वर्गणीत यादीतले हवे तितके गेम, जून २०१७ मध्ये आला, महिन्याला ९.९९ डॉलर. दोन वर्षांनी त्याची वरची योजना अल्टिमेट आली, १४.९९ ला, क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून, खेळण्याची सोय पुढे यातच आली. नंतरचे आकडे वाचूनच दाखवतो. २०२३ मध्ये १६.९९. २०२४ मध्ये १९.९९. १ ऑक्टोबर २०२५ ला २९.९९. सहा वर्षांत बरोबर दुप्पट, आणि त्यातले दहा डॉलर एका फटक्यात.

कितीही खेळा, पैसे तेवढेच. हा अमर्यादित थाळीचा धंदा आहे. दोन पोळ्यांत उठणारे दहा जण असतील, तरच अकराव्याच्या बारा पोळ्या परवडतात. डाउनलोड करून खेळणारा अकरावा फारसा महाग पडत नाही, कारण यंत्र त्याचं, वीजबिलही त्याच्याच घरचं. क्लाउडवरचा मात्र प्रत्येक तासाला खर्च वाढवतो.

हे उघडपणे मान्य केलं एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने. त्यांची जीफोर्स नाऊ ही सेवा गेम देतच नाही. गेम तुम्ही दुसरीकडे घेतलेला. हे फक्त संगणक भाड्याने देतात. या सगळ्या जमावात मला तरी हीच सर्वांत सरळ वाटते. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि काही आठवड्यांतच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड, बेथेस्डा यांसारख्या प्रकाशकांनी आपले गेम काढून घेतले. विकलेल्या गेमवर कुणी भाडं कमावतं, हे नव्वदच्या दशकातलं शल्य अजून गेलेलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं, की पैसे भरणाऱ्यांनाही आता महिन्याला शंभरच तास. नव्या सभासदांना जानेवारी २०२५ पासून, जुन्यांना वर्षभर उशिरा. ९४ टक्के सभासदांना एवढे तास पुरतात, असं कंपनीचं म्हणणं. उरलेल्यांनी वरचे तास विकत घ्यायचे. जीफोर्स नाऊच्या वरच्या योजनेत (तिचंही नाव अल्टिमेटच) पंधरा तासांचे ५.९९ डॉलर. मूळ योजना १९.९९ ला शंभर तास, म्हणजे तासाला वीस सेंट. वरचा तास चाळीस सेंटला. खालच्या योजनेत दहा सेंट आणि वीस सेंट. दोन्हीकडे दर दुप्पट! तोच खेळाडू, तेच यंत्र, पण शंभराव्या तासानंतर आपण नकोसं गिऱ्हाईक होतो.

[दृश्य : मुंबई, लॅमिंग्टन रोड. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं.]

भारतात यातलं बरंचसं उशिरा पोचलं, काही पोचलंच नाही. जून २०२२ मध्ये सोनीने प्लेस्टेशन नाऊ मोडून ते प्लेस्टेशन प्लस या आपल्या दुसऱ्या वर्गणीत मिसळलं आणि सर्वांत वरची योजना प्रीमियम केली. आपल्या वाट्याला त्याऐवजी डिलक्स आलं, तेव्हा महिना ८४९ रुपये. प्रीमियममधून स्ट्रीमिंग, म्हणजे सर्व्हरवरून खेळणं, वजा केलं की उरतं ते डिलक्स. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात क्लाउड गेमिंग सुरू केलं. त्याच्या महिनाभर आधी इथलं गेम पास अल्टिमेट महिना ८२९ वरून १,३८९ रुपयांवर गेलेलं होतं.

डिलक्समध्ये प्लेस्टेशन ३ चे गेम नाहीत. ते अजूनही फक्त सर्व्हरवरूनच मिळतात आणि ते सर्व्हर आपल्यासाठी नाहीत. 'फायनल फँटसी १३-२' प्लेस्टेशनवरच खेळायचा हट्ट असेल, तर एक जुना प्लेस्टेशन ३ आणि एक वापरलेली डिस्क शोधायची. दुकानदाराशी घासाघीस चालते.