आधी मेंढरू वर गेलं

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘गरम हवेच्या फुग्याचा इतिहास आणि आकर्षण’. मला चाळीस मिनिटं दिलीत. त्यातली दहा माझ्या परिचयात गेली, ती माझ्या खात्यावर धरू नका.

सुरुवात फ्रान्सपासून करायची रीत आहे, पण मी करणार भोगावतीकाठच्या आमच्या गुऱ्हाळापासून. इथल्या निम्म्या लोकांनी चुलवाणापुढं बसून गरम काकवी चाटली असेल. उरलेल्यांनी गुळाच्या बॉक्सवर ‘कोल्हापुरी’ हे लेबल तरी वाचलं असेल! तर चुलवाणात चिपाडं सारली की धुराड्यातनं काजळीचे तुकडे भिरभिरत वर जातात. हे बघून आमच्या आप्पांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, एका हंगामात ठरवलं की कागदाचा फुगा उडवायचा. पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि तोंडाला कामटीचं कडं. माणसाएवढा फुगा झाला. गुऱ्हाळामागं खड्डा काढून वेगळा जाळ केला.

आप्पांचं मत एकदम ठाम. वर नेतो तो धूर, आणि धूर जितका दाट तितकी ताकद जास्त. म्हणून त्यांनी मुद्दाम ओली चिपाडं घातली. आम्हा पोरांच्या डोळ्यांतनं पाण्याच्या धारा, आणि फुगा ओल्या धोतरासारखा लोंबतोय. अर्ध्या तासानं चुलवाणाला जाळ घालणारे मामा वैतागून म्हणाले, “आप्पा, फुगा उडवायचाय का डास मारायचेत?” आणि त्यांनी वाळली चिपाडं सारली. धूर गेला, जाळ भडकला, अन् फुगा आमच्या हातातनं सुटला. बांध ओलांडून तो उतरला थेट भावकीच्या चिपाडांच्या गंजीवर. गंजी पेटली नाही, भावकी पेटली. चार माणसं काठ्या घेऊन आली आणि फुग्याच्या चिंध्या केल्या. त्या घरातनं आमच्याकडं अजून लग्नपत्रिका पोस्टानंच येते.

आता गंमत बघा. आप्पांची ही चूक जगप्रसिद्ध आहे. जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए हे भाऊ फ्रान्समधल्या आनोने गावचे कागद कारखानदार. 4 जून 1783 ला त्यांनी आतनं कागद लावलेल्या कापडाचा फुगा गावासमोर उडवला. कापडाचे तुकडे चक्क गुंड्यांनी जोडलेले! त्यांचीही समजूत हीच, की धुरात काहीतरी खास वायू असतो. म्हणून पेंढ्याबरोबर लोकर जाळायचे. विचार चुकला, फुगा मात्र उडाला. माझं आवडतं म्हणणं हेच आहे: बरोबर कळायच्या आधीच माणूस वर जाऊन आला.

आणि ती काठ्यांची गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाक शार्ल या शास्त्रज्ञाचा हायड्रोजनचा फुगा पॅरिसमधनं सुटून गोनेस गावात उतरला, तर लोकांनी त्याला राक्षस समजून दाताळ्यांनी फाडला. भावकी सगळीकडं असते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पळतो.

19 सप्टेंबर 1783, व्हर्साय. फ्रान्सच्या राजासमोर आधी वर गेलं मेंढरू, सोबत बदक आणि कोंबडा. तिघंही जिवंत उतरले. कोल्हापुरात उतरले असते तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पांढरा रस्सा आधीच तयार असता. माणूस पाठवायची वेळ आल्यावर राजा म्हणाला, कैदी पाठवा. पिलात्र द रोझिए या विज्ञानाच्या शिक्षकांना ते पटलं नाही, हा मान कैद्याला कशाला? 21 नोव्हेंबरला ते आणि मार्की द’आर्लांद पॅरिसवरनं सुमारे पंचवीस मिनिटं तरंगले. रोझिए 1785 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले आणि फुगा कोसळून वारले. पुढं हायड्रोजननं बाजी मारली आणि गरम हवा मागं पडली. ती परत आणली अमेरिकेच्या एड योस्ट यांनी, 1960 मध्ये, प्रोपेन गॅसचा बर्नर लावून. आपल्याकडं उद्योगपती विजयपत सिंघानिया 2005 मध्ये मुंबईहून निघून एकवीस किलोमीटर उंचीवर गेले आणि नाशिककडं उतरले.

विज्ञान एका दमात सांगतो. साध्या हवेचं एक घनमीटर सव्वा किलोच्या आसपास, शंभर अंशाला तापवली की किलोलाही थोडं कमी. फरक पाव किलोचा. अडीच हजार घनमीटरचा फुगा घ्या, सहाशे किलो उचलतो. त्यात कापड, टोपली, सिलिंडर, माणसं सगळं आलं. पहाटे उडवतात, कारण हवा गार आणि वारा शांत.

आकर्षण राहिलंच की! सुकाणू नसतं. वर-खाली होऊन सोयीचा वारा शोधायचा, एवढंच हातात. म्हणजे पाटी नसलेली एसटी. वाऱ्याबरोबरच चालल्यामुळं तोंडावर वारा लागत नाही, आणि खालच्या वाड्यावस्त्यांतली कुत्री भुंकलेली वर स्पष्ट ऐकू येतात.

मागनं कोणीतरी विचारतंय, तुम्ही बसलाय का? नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, कुठल्या गावात उतरणार ते आधी सांगा, मग जावा.