पाणी चाळीस फुटांवर, लाइव्ह चालू

(दृश्य: राजाराम बंधारा, धुवाधार पाऊस, पाण्यातली मोजपट्टी.)

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका. 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे आकडे सांगावे लागत नाहीत. नदी चढली की शिवाजी पुलावर पाणी बघायला गर्दी होते, ही जुनीच रीत. नवं एवढंच, की आता निम्मी गर्दी पाण्याकडं पाठ करून उभी असते.

या पाठमोऱ्या गर्दीतून ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मरणावर हसवणारी फिल्म काढायची तर सामग्री थोडीच लागते. एक रीलस्टार, त्याचा फोन धरणारा दोस्त, एका मिसळवाल्याचं पेड प्रमोशन आणि चढतं पाणी. दोस्त म्हणतो, "भावा, अजून एक पायरी खाली ये की, पाणी दिसंना झालंय." लाइव्ह बघणारे वाढतील तसा रीलस्टार एकेक पायरी उतरत जातो. गोष्ट संपली. खरं काम पुढं आहे.

(दृश्य: पंचगंगा घाट, मे महिना, पहाट.)

महापुरात नटाला पाण्यात उतरवायचं नाही, यावर चर्चाच नको. पुराचे लांबचे शॉट पावसाळ्यात वरून, नटाशिवाय घ्यायचे. जवळचे शॉट मे महिन्यात घाटावर, तेही ऊन पायऱ्यांवर यायच्या आत. एकदा कडक सावली पडली की पावसाळा खोटा ठरतो. पाणी गुडघ्याच्या वर नको आणि दोर घेतलेला पट्टीचा पोहणारा फ्रेमच्या बाहेर, पण हाताच्या अंतरावर हवा. फ्रेम कमरेच्या वर ठेवायची, कारण उन्हाळ्यातलं पाणी हिरवट आणि पुराचं गढूळ तांबडं. रंग जुळवायला गेलं की नटाचा चेहराही तांबडा होतो. आणखी एक चुगलखोर म्हणजे केंदाळ, म्हणजेच जलपर्णी. उन्हाळ्यात ते काठाला साचतं, पुरात वाहून जातं. मागं केंदाळ दिसलं तर इथला प्रेक्षक तिथंच हसणार, नको त्या कारणानं.

(दृश्य: फोनचा स्क्रीन, अगदी जवळून.)

सगळ्यात जास्त घोटाळे फोनच्या स्क्रीनवर होतात. कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर, शटर (एक फ्रेम टिपायचा वेळ) 1/48 सेकंद आणि स्क्रीन 60 हर्ट्झचा, सेकंदाला 60 वेळा ताजा होणारा, म्हणजे काळ्या पट्ट्या वरखाली फिरणारच. शटर 1/60 वर नेलं की त्या बहुतेक जातात. मात्र त्याआधी फोनचा रिफ्रेश रेट 60 वर बांधून घ्यायचा. 120 वर जाऊन परत येणारे फोन दर टेकला वेगळी पट्टी देतात. आणि 1/60 वर खोलीतली ट्यूब लुकलुकू शकते, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. ट्यूब बंद करून न लुकलुकणारा दिवा लावायचा.

खरं ॲप चालवायचं नाही. लोगोचा प्रश्न येतोच, शिवाय कमेंट दुसऱ्या टेकला तशाच येत नाहीत. आधी 1080 बाय 1920 मध्ये लाइव्हचा व्हिडिओ शूट करायचा, एडिटमध्ये त्यावर कमेंटचा थर चढवायचा आणि तो फोनवर पूर्ण स्क्रीन वाजवायचा. फोन विमान मोडवर हवा, नाहीतर ऐन टेकमध्ये आईचा कॉल येतो.

कमेंट हाच खरा संवाद. "नाद खुळा", "विषय हार्ड", "मिसळ कुठली?" आणि मध्येच एक, "भावा मागं बघ". ती बदामांच्या गर्दीत वर सरकून गेली पाहिजे, पण त्याआधी प्रेक्षकाला वाचता आली पाहिजे. एका शॉटमध्ये वाचायच्या कमेंट तीनच, बाकी नुसती गर्दी. बघणाऱ्यांचा आकडाही जपून वाढवायचा. 412 वरून 530 झाले म्हणून माणूस एक पायरी उतरतो, यात विष आहे. एकदम चार लाख दाखवले की कार्टून होतं.

रीलस्टारला पाण्यात पडताना दाखवायचं नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावातली, बाबूराव पेंटरांनी 1917 ला काढलेली. त्यांच्या 1920 च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका हुबेहूब होता, की तो कापायला लागला. पण ते पौराणिक होतं. इथं मरण दिसलं की विनोद जागच्या जागी मरतो. दोस्ताच्या हातून फोन पायरीवर पडतो, पडद्यावर नुसतं ढगाळ आभाळ आणि खाली कमेंट चालूच.

(दृश्य: घर. भिंतीवर हार घातलेला फोटो, समोर रिंगलाइट.)

शेवटी श्रद्धांजलीची रील. 18 इंची रिंगलाइटच्या, म्हणजे कड्यासारख्या दिव्याच्या, मधोमध लेन्स ठेवायची, फोटोची काच तिला अगदी समांतर, चेहरा लेन्सच्या उंचीला. काचेवर दिव्याचं गोल प्रतिबिंब निम्म्या मापाचं, म्हणजे 9 इंचांचं दिसतं, कॅमेरा दिव्यासकट लांब नेला तरी तेवढंच. त्यामुळं फोटो 12 बाय 18 इंचांचा छापायचा; चेहरा गोलात बसतो आणि देवाच्या तसबिरीसारखी प्रभावळ तयार होते. कॅमेरामनला काळा शर्ट द्यायचा, नाहीतर तोही काचेत येतो.

ही रील मिसळवाल्यानंच पैसे देऊन करून घेतलेली. जाहिरात मानक परिषदेच्या जून 2021 पासूनच्या नियमांप्रमाणं पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लेबल ठळक हवं, 'आणखी वाचा' न दाबता दिसणारं. दोस्त नियम पाळणारा आहे. पहिल्या ओळीत 'जाहिरात', दुसऱ्या ओळीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.