लाईन आली का?

(अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला लातूरकडच्या आठवणींवर बोलायला सांगितलं होतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, हुरडा, आंबिल, बार्शी लाईट ही छोटी रेल्वे, सगळं काढून ठेवलं होतं. पण मागच्या रविवारी आमच्या घरी जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून आज तेच बोलते.

आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. इथली सकाळ, तिकडची संध्याकाळ. बोलता बोलता पडद्यावर अंधार झाला आणि त्या अंधारातून आईचा आवाज आला, "लाईन गेली बाई. आता राती बाराला येती म्हणं. दादाला रानात जावं लागतंय." थोड्या वेळात टॉवरही गेला आणि फोन कटला. शेजारी बसलेली माझी लेक म्हणाली, "मम्मा, आजीचं इंग्लिश राँग आहे. लाईन कधी जात नसते." तिचे बाबा हसले. मला हसू आलं नाही. जेवायला बसल्यावर त्यावरून आमचं वाजलं आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

लेकीची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती अमेरिकेत वाढते आहे आणि लाईन हा शब्द तिला चांगलाच येतो. शाळेत जेवणाची लाईन असते, नाटकात पाठ करायच्या लाईन्स असतात, भूमितीत लाईन असते, मैदानावर असते, विमान कंपनी म्हणजे एअरलाईन. गृहपाठाची डेडलाईन तर रोजचीच. हा डेडलाईन शब्द कुठून आला ते तिनंच शाळेत वाचून मला सांगितलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाईन. एका शब्दात एवढा इतिहास वाचणाऱ्या मुलीला आजीच्या लाईनीत काहीच सापडू नये, याचं मला वाईट वाटलं.

या शब्दाचं मूळ शोधलं तर ते लॅटिनमधल्या 'लिनुम'पर्यंत जातं. लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी, दोरीसारखी सरळ ती लाईन. आपण जिची चटणी भाकरीवर घेतो तेच हे जवस. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी लेकीला उठवून सांगणार होते.

आता आपली लाईन. पुण्याकडची मंडळी लाईट गेली म्हणतात, आपण लाईन गेली म्हणतो, आणि मला आपलं जास्त नेमकं वाटतं. कारण शेतकऱ्याला दिव्याची पडलेली नसते, त्याला तारेतून येणारी थ्री फेज हवी असते. घरात बल्ब जळत असला तरी सिंगल फेजवर मोटार चालत नाही. म्हणून "लाईन आली का?" या प्रश्नाचा अर्थ "मोटार चालेल का?" असा असतो. काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माझा भाऊ बाराच्या आधी निघतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. बांधावरून चालताना काठी आपटत जायची, म्हणजे जनावर असलं तर बाजूला होतं. जनावर म्हणजे काय ते इथे सांगायला नको. स्टार्टरच्या पेटीवर त्यानं एक छोटा बल्ब लावून ठेवलाय. तो लांबून दिसला की लाईन आली. मग बटण दाबायचं, विहिरीतून पाणी चढल्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, आणि हरभऱ्यात तुषारचे पाईप एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहायचं. गुडघ्यापर्यंत चिखल. हिवाळ्याची थंडी. मध्येच फॉल्ट झाला, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला, तर ती रात्र गेली आणि पुढचे कितीतरी दिवसही गेले. आईच्या त्या एका वाक्यात हे सगळं होतं. आमच्या टेबलावर मात्र चर्चा व्याकरणाची झाली.

आपल्या भागात लाईनीचा अर्थ बहुतेक वेळा वाट बघण्यापाशी येतो. २०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूर शहरात टँकरपाशी घागरींच्या लाईनी लागल्या होत्या. माणसं दमली की आपल्या जागी घागर ठेवून सावलीला बसत. भांडणं इतकी वाढली की पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. आपण सगळ्यांनी ती इथे बसून बातम्यांत पाहिली. पण ती कोणत्या लाईनीवरून आली हे किती जणांच्या लक्षात आलं? लातूर ते मिरज ही बार्शी लाईटची लाईन. १८९७ मध्ये सुरू झालेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचलेली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. २००८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी मोठी लाईन झाली, पुढे काही वर्षांत मिरजेपर्यंत झाली. म्हणूनच त्या भरलेल्या टाक्या आपल्याकडे पोचू शकल्या. आजोबांच्या पिढीनं पंढरपूरला जायला वापरलेल्या त्या वाटेनं आपल्या गावाला प्यायचं पाणी आलं.

आणि आता लाईन ऑनलाईनही झाली आहे. पीक विमा भरायचा तर ऑनलाईन, म्हणजे तालुक्याच्या सेवा केंद्रावर सकाळपासून लाईन, आणि नंबर आला की लाईन गेलेली. भावानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती. मला त्याचंच जास्त लागलं.

अजून एक अर्थ आहे, आणि तो आपल्या सगळ्यांना चिकटलेला आहे. "पोरगं लाईनीला लागलं." गावात आपल्याबद्दल हेच म्हणतात. शिकलं, नोकरी लागली, परदेशात गेलं, लाईनीला लागलं. माझ्या आईनं हे वाक्य गल्लीत पेढे वाटताना म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. त्या दिवशी माझी लाईन लागली, आणि भाऊ रात्री बाराच्या लाईनीसाठी मागे राहिला. या दोन लाईनींमधलं अंतर आपल्या मुलांना कधीतरी कळलं पाहिजे.

म्हणून मंडळी, थोडं रागावून बोलते. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आईवडिलांचं इंग्रजी हा करमणुकीचा विषय झालाय. त्यांचे उच्चार आपण पार्टीत करून दाखवतो, त्यांना फोनवर दुरुस्त करतो, मुलं हसली की आपणही हसतो. हे बंद करूया. आपली माणसं बाहेरचा शब्द घेण्यात कधी कच्ची नव्हती. पैठणच्या एकनाथांनी दरबारी फारसी शब्द उचलून 'अर्जदस्त', म्हणजे विनंतीचा अर्ज, लिहिली आणि देवाच्या दारी नेऊन ठेवली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दवाखाना, तारीख, हजर, गैरहजर हे शब्द आज आपल्याला परके वाटतात का? लाईन तशीच आली आणि आपल्या रानात राहिली. माझ्या आईनं तो शब्द उसना घेतला होता असं मला वाटत नाही. तो तिचाच आहे.

आपल्या मराठी शाळेत मुलं रविवारी 'रांग', 'ओळ', 'रेघ' शिकतात. छान आहे. पण आजी फोनवर म्हणते ती 'लाईन' त्यांना कुणी शिकवत नाही, कारण पुस्तकाच्या हिशेबात ती मराठी नाही आणि मुलांच्या हिशेबात ती इंग्रजी नाही. एखाद्या रविवारी मुलांनी आजीला फोन लावावा आणि ती जे शब्द वापरते ते तिच्याच अर्थासकट लिहून घ्यावेत. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि वर्गाची तयारी करायला मी तयार आहे.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. माझा पुतण्या गावाहून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. याच भावाचा मुलगा, जो रात्री रानात जातो त्याचा. परवा तो आजीला म्हणाला, "लाईन काय म्हणतीस, पॉवर कट म्हण, गावठी वाटतंय." आतापर्यंत मला वाटत होतं की हा प्रश्न इथल्या, समुद्रापलीकडे वाढणाऱ्या मुलांचा आहे. इथे निदान आपण काहीतरी करू शकतो, वर्ग घेऊ शकतो. तिकडे त्या लेकराला काय सांगायचं आणि कुणी सांगायचं, ते मला सुचत नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर चहाच्या वेळी माझ्याशी जरूर बोला.